रंजिताला गेलेल्या पसंत्या

आमच्या वाशिंदचा शेखर कारखान्यात फिटर आणि घरी वेबसाइटवाला. कुणाचा पंखा बंद पडला की तो आधी पंख्याला दोन शिव्या द्यायचा, मग उघडायचा. कॉम्प्युटरशीही त्याचं असंच चाले. दोन हजार सात साली समाजाच्या वधू-वर मंडळानं वेबसाइट काढायचं ठरवलं, तेव्हा हे काम दुसऱ्या कुणाला जाणार?

वेबसाइट झाली छान. मुलीच्या माहितीखाली एक बटण होतं, 'स्थळ पसंत आहे'. मुलाकडच्यांनी ते दाबलं की मुलीच्या घरी ईमेल जायचा. म्हणजे जायला हवा होता. जातच नव्हता. शेखर आठवडाभर रोज संध्याकाळी ड्युटीवरून आला की बटण दाबत बसायचा. फॉर्म रिकामा चालत नव्हता, म्हणून मुलाच्या रकान्यात स्वतःचं नाव-पत्ता टाकलेला, आणि मुलगी म्हणून यादीतली पहिलीच, वैशाखरे गावच्या कमळूकाकांची रंजिता.

"अहो, कुणाची पोरगी आहे ती?" त्याच्या बायकोनं, सरिता वहिनींनी, एकदा स्क्रीनकडे बघून विचारलं.

"टेस्टिंग आहे गो. जात नाय काय नाय."

शेवटी त्यानं सर्व्हरच्या कंपनीला फोन लावला. तिकडच्या पोरानं सांगितलं, "सर, लॉगिनमध्ये अर्धंच नाव टाकलंय. पूर्ण ईमेल पत्ता टाका, नायतर सर्व्हर पत्रं बाहेर सोडत नाय." शेखरनं पूर्ण पत्ता टाकला, स्वतःला एक पत्र पाठवलं, ते आलं. गडी खूश! पण आठवडाभराची अडलेली पत्रं सर्व्हरनं फेकून दिली नव्हती, रांगेत ठेवली होती. दार उघडताच ती सगळी निघाली.

आमच्यात मुलाकडून पसंती आली की मुलीकडचे घर बघायला जातात. रविवारी सकाळी शेखरच्या दारात जीप थांबली. कमळूकाका, रंजिताचा भाऊ अमोल, आत्या धोंडीबाई, आणखी चारपाच माणसं. हातात नारळ, पेढ्यांचा पुडा. समोरच राहतो म्हणून मीही डोकावलो.

"लय घाई दिसते मुलाला," धोंडीबाई हसत बसल्या. "आमच्या अमोलच्या ईमेलवर पसंतीवर पसंती! नवरा मुलगा कुठं हाय?"

सरिता वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या, आणि कडेवर लेक, स्नेहल.

"हा काय," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "लुंगीवर."

शेखरचा चेहरा मी विसरणार नाही. तो धडपडत सर्व्हर, लॉगिन, रांग असलं काहीबाही सांगू लागला. कमळूकाकांनी नारळ पिशवीत परत ठेवला आणि कुणाच्याही तोंडाकडे न बघता जीपमध्ये जाऊन बसले.

खरा घोर पुढे होता. वैशाखऱ्याला सगळ्यांना ठाऊक होतं की माणसं घर बघायला गेलीत. ती नारळ घेऊन परत आली, म्हणजे पोरीतच काहीतरी खोट असणार, असंच गाव बोलणार.

"मला तिकडं जाऊन सांगायला हवं," शेखर संध्याकाळी मला म्हणाला. "चल माझ्यासोबत. एकट्याचे पाय उचलत नायत."

पुढच्या रविवारी कमळूकाकांच्या ओटीवर माणसं जमली. शेखर मान खाली घालून उभा राहिला. "शेताचा पाट तुंबतो ना, तशी पत्रं तुंबलेली. मी बोळा काढला, पण मागं पाणी किती साचलंय ते पायलं नाय. पोरीत काय खोट नाय. नाव न विचारता वापरलं ते मी. चूक माझी."

कुणीतरी फिसकन हसलं. धोंडीबाई मात्र गावाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ऐकलंत ना? नापास हा झालाय. आमची पोरगी नाय!"

रंजिता चहा घेऊन आली. कप त्याच्या हातात देत हळूच म्हणाली, "दादा, टेस्टच करायची होती तर स्वतःच्या पोरीचं नाव टाकायचं होतं."

शेखरनं कप तसाच ओटीवर ठेवला. परतीच्या एसटीत टोकावडं मागं पडलं. तेव्हा तो म्हणाला, "स्नेहलचं नाव टाकायला माझा हात झालाच नसता रे."

मी नेहमीसारखी थट्टा करणार होतो. नाही केली.