नुसता दिवा दाखवणारी तार

कल्हईवाल्याच्या नवसागराचा झणका नाकात गेला, की मला कापूस पिंजणाऱ्या जिनिंग कारखान्याचं फाटक आठवतं. तिथल्या फोनला नवसागराच्या पाण्याच्या बरण्या वीज पुरवत. ऐन कापसाच्या हंगामात त्या मेल्या, कुणाची गाडी आत सोडायची हे ऑफिसला विचारता येईना आणि बाहेर बैलगाड्या तुंबल्या. "आते फोन काय थुंकीवर चालाडशी?" हेडफिटर मला, नव्या वायरमनला, हसला. फोनशेजारीच एक दिवा होता. ऑफिसातल्या बॅटरीवर जळून तो 'वजनकाटा मोकळा आहे' एवढंच सांगे. पण तेवढं सांगायलाही त्याच्या तारेत वीज यायचीच की! ती मी फोनला जोडली आणि जोरात ओरडलो. पलीकडून मॅनेजर किंचाळला, "हळू बोल, मन्हा कान फुटी ऱ्हायनात!" हेडफिटरने आपली पक्कड माझ्या हातात दिली. आजही घरात कुणाचा चार्जर हरवला, की मी आधी विचारतो, "जवळून कुठली तार जाते?"