नाव माझं, पासवर्ड त्याचा

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी आमच्या गावच्या बोलीची वेबसाइट सुरू केली. गाव संगमेश्वर तालुक्यात, मी राहते रत्नागिरीत. दर रविवारी एसटीने गावाला जायचं, कुणाच्या तरी ओटीवर बसून वयस्कर माणसांना बोलतं करायचं आणि ते फोनवर रेकॉर्ड करून आणायचं. भाताच्या जुन्या जाती, कातळावरची गवतं, नदीतले मासे, प्रत्येकाला आमच्याकडे वेगळं नाव. सगळ्यांत जास्त बोलायची माझी आते. मुंबईला कामाला असलेली गावची माणसं ते ऐकायची आणि फोन करून माझ्या चुका काढायची. त्या दुरुस्त करताना मला जे सुख मिळायचं, ते नोकरीत क्वचितच मिळालं होतं.

वेबसाइट बनवून दिली होती शहरातल्या एका ओळखीच्या गृहस्थाने. तिचा पत्ता म्हणून त्याने गावाचंच नाव मिळवलं, तेव्हा मी हरखून गेले होते. नोंदणी, पासवर्ड, दरवर्षीचं नूतनीकरण सगळं तोच बघायचा. मी विचारलं की म्हणायचा, तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता. कागद वाचल्याशिवाय सही करू नका, असं आयुष्यभर मुलांना सांगितलं आणि स्वतः मात्र त्याच्याकडे एकदाही कागद मागितला नाही. दोष माझाही होता, तो मी नाकारत नाही.

एका सकाळी वेबसाइट उघडली, तर समोर पोहण्याच्या तलावाचं चित्र. वर मोठ्या अक्षरांत आमच्या गावाचं नाव, खाली ‘लवकरच येत आहे’. गावाच्या वरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, एक रिसॉर्ट बांधणं चाललं होतं, हे त्याचं पान. आमची सगळी माणसं, त्यांचे आवाज तिथून गायब. मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे होती, तेवढंच नशीब.

मी तडक त्याच्या ऑफिसात गेले. रिसॉर्टला नाव विकायचा व्यवहार अजून पक्का व्हायचा होता, पण त्याने पान आधीच लावून दिलं होतं. लपवालपवी काहीच नाही. स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, “डोमेन माझ्या खात्यात आहे, मॅडम. खातं माझं, म्हणजे नाव माझं. तुम्हाला दुसरं घेऊन देतो, पुढे ‘बोली’ लावू.”

मी म्हटलं, “दुसरं नको. आठ दिवसांत हेच नाव माझ्या हातात द्या.”

तो हसला. त्या हसण्याचं मला अजूनही बरं वाटतं, कारण तोवर माझा आवाज जरा कापत होता, नंतर कापला नाही.

दोन दिवसांनी रिसॉर्टचा माणूस घरी आला. वागायला सभ्य होता. चहा घेतला, गावाचं नाव जगभर जाईल असं सांगितलं, आणि तुमच्या रेकॉर्डिंगसाठी आम्ही एक खास पान ठेवू म्हणाला. मी त्याला सांगितलं, आतेचा आवाज तुमच्या तलावाशेजारी वाजणार नाही. तो कप खाली ठेवून निघून गेला.

रविवारी गावी जाऊन आतेला सगळं सांगितलं. तिने आधी एकच विचारलं, “माजा आवाज इकलान त्याने?”

“आवाज माझ्याकडे आहे, आते. नाव विकायला काढलंय.”

“मंग जा नि घेवन ये,” ती म्हणाली, शेजारी वापरायला दिलेलं पातेलं परत आणायला सांगावं तसं.

नाव जिच्याकडे नोंदवलं होतं त्या कंपनीला मी पत्रं लिहायला लागले. पहिलं उत्तर आलं की नोंदलेल्या ईमेलवरूनच विनंती करा. तो ईमेल त्याचा. दुसरं उत्तरही तेच. मग एका ओळखीच्या वकीलबाईंनी विचारलं, खातं कुणाचं ते राहू दे, नोंदणीत मालक म्हणून कुणाचं नाव आहे? ते मला माहीतच नव्हतं. जुने ईमेल उपसत बसले तेव्हा सुरुवातीच्या आठवड्यातला, त्यानेच मला पुढे पाठवलेला नोंदणीचा ईमेल सापडला. मालकाच्या जागी माझं पूर्ण नाव, आडनावासकट. ईमेल आणि फोन नंबर तेवढे त्याचे. त्या वेळी त्याच्या मनात काही नसणार, सरळपणे माझं नाव भरलं असणार. शिवाय त्याचा मेसेजही होता, ‘तुमच्या नावाने बुक केलं, अभिनंदन.’

ओळखपत्राची प्रत, तो ईमेल, तो मेसेज, सगळं कंपनीकडे पाठवलं. चौकशी पुरी होईपर्यंत नाव कुणाकडेच देता येणार नाही, असं त्यांनी दोघांनाही कळवलं. त्याच दुपारी त्याचा फोन आला. आधी गोड बोलला, आपापसात मिटवलं असतं म्हणाला. मी ऐकत नाही हे दिसल्यावर आवाज बदलला. म्हणाला, जुनी साइट अजून माझ्या सर्व्हरवर आहे, ती पुसून टाकतो, मग रिकामं नाव घेऊन बसा.

“पुसा,” मी म्हटलं. “मी परत बांधीन. मला बांधता येत नाही, पण शिकेन.”

त्याने खरंच पुसली.

निकालाचा ईमेल आला तेव्हा मी मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर बांगडे घेत होते. भोवती लिलावाचा कलकलाट, त्यात चष्मा नव्हता, म्हणून फोन लांब धरून दोनदा वाचला. नाव माझंच ठरलं होतं, नोंदणीतले ईमेल आणि नंबर बदलून माझे लावले होते. कोळीण विचारत होती, बाई, साफ करून देऊ की तसेच? मी तसेच पिशवीत घेतले. घरी येऊन आधी पासवर्ड बदलला, वहीत लिहिला, वही कपाटात ठेवली. बांगडे नंतर.

साइट बांधायला पावसाळा गेला. कितीदा बिघडली, कितीदा पहिल्यापासून सुरू केली. आता ती पहिल्यापेक्षा साधी दिसते, अक्षरं जरा मोठी आहेत, पण तिच्यातली प्रत्येक गोष्ट कुठे आहे ते मला ठाऊक आहे. रिसॉर्टने दुसरं नाव घेतलं. ओळखीतल्या कुणीही वेबसाइट काढली की मी पहिल्यांदा नोंदणीचा कागद मागते, मालक कोण, ईमेल कुणाचा. काहींना ते आगाऊपणाचं वाटतं. वाटू दे.

तो गृहस्थ बाजारात भेटतो कधी कधी. नमस्कार करतो. मी करत नाही.