सोमवारचं कार्ड

गोदामातल्या दहा फोर्कलिफ्टच्या सीटखाली तळहाताएवढी एकेक पेटी बसवली, तेव्हापासून ती बसवणाऱ्या मिस्त्रीला सगळे पेटीकाका म्हणत. गाडीचा वेग, ब्रेक, बिघाड, सगळं पेटीतल्या कार्डावर उतरे. कार्डात नऊ दिवसांची जागा. पुढे नवं जुन्याला पुसून टाकी. म्हणून दर सोमवारी कार्ड काढून बघायचं आणि रजिस्टरात सही करायची, हे काम काकांचं.

साहेबांना मात्र पेट्यांचं वावडं. त्यांनी सगळं मुख्य कचेरीतल्या सर्व्हरला जोडून घेतलं होतं. "माहिती आता वर असते," असं ते छताकडे बोट दाखवून सांगत. छतावर पाण्याची टाकी होती. गोदामाच्या मागच्या टोकाला नेटवर्क पोचत नसे. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्या दिसल्याच पाहिजेत असं थोडंच आहे. यावर काका आल्यागेल्याला तासभर व्याख्यान देत. "काखेत कळसा नि गावाला वळसा कशाला? माहिती गाडीपाशीच ठेवा, आणि वेळेवर बघा."

एका बुधवारी त्या मागच्या टोकाला एक फोर्कलिफ्ट रॅकवर आदळली. माणसं वाचली, माल गेला. सर्व्हरवर ब्रेकच्या रकान्यात शून्य, म्हणजे ब्रेक दाबलाच नाही. नेटवर्क नसलं की तो रकाना शून्यच दाखवतो, हे साहेबांना सांगणार कोण? गाडी चालवणाऱ्या बाईंना शुक्रवारी काढायचं ठरलं. बारा वर्षांत गाडीला ओरखडा नाही, घरात कमावणारी एकटी. पण शून्यापुढे बारा वर्षांचं काय मोल.

"काका, पाय पार तळाला टेकवला होता मी," बाई म्हणाल्या.

"पेटी आहे ना आपली. घाबरू नका."

काकांनी ऐटीत कार्ड काढलं. ब्रेक चार सेकंद पूर्ण दाबलेला होता. मग हौसेनं त्यांनी आणखी मागचं पाहिलं. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. ब्रेकचं तेल कमी झाल्याचा इशारा पेटी शनिवारपासून कार्डावर नोंदवत होती, दिवसातून वीस वेळा. आणि रजिस्टरात सोमवारी काकांची झोकदार सही होती, 'कार्ड पाहिले'. त्या सोमवारी काका पाहुण्यांना व्याख्यान देत होते. विषय अर्थातच वेळेवर बघण्याचा.

"त्या मिनिटाचं तेवढं काढून द्या," जोडीचा फिटर म्हणाला. "बाई सुटतील, तुम्हीही सुटाल. गाडी चालू झाली की बाकीचं आपोआप पुसलं जाईल. ब्रेक का लागला नाही, ते नशिबावर ढकला."

काकांना ते मनापासून पटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. एका खिशात तेवढ्या मिनिटाची छापील नोंद आणि दुसऱ्यात अख्खं कार्ड घेऊन ते शुक्रवारी साहेबांच्या दाराशी गेले. बाहेर बाकावर बाई बसल्या होत्या. हातमोजे धुऊन, घडी करून त्यांनी परत करायला आणले होते. ती घडी बघून काकांना स्वतःचीच शरम वाटली.

साहेबांनी अख्खं कार्ड पाहिलं. "म्हणजे चूक तुमची."

"हो."

"बघा, म्हणूनच माहिती वर असावी," साहेब म्हणाले.

बाई त्याच दुपारी गाडीवर चढल्या. काका महिनाभर बिनपगारी घरी बसले. परतले त्या सोमवारी त्यांनी सवयीनं आधी रजिस्टर उघडलं, तर बाईंनी ते त्यांच्या हातातून अलगद काढून आपल्या काखेत धरलं.

"सही नंतर, काका. आधी कार्ड."

काका मुकाट्यानं सीटखाली वाकले.