पट्टीकाकांचा चौथा कोड

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर माझ्या ताब्यात आहेत. कुणी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवला, की मी ती चिठ्ठी भर खोलीत मोठ्यानं वाचून दाखवते आणि मग फाडते. मागून मला जेलर म्हणतात. म्हणोत बापडे. एवढ्या वर्षांत माझा ओरडा न खाल्लेला माणूस एकच होता, आणि तो म्हणजे पट्टीकाका.

पट्टीकाका आमचे आरेखक. जमिनीखाली पाण्याचे पाइप कुठून कुठे जातात, व्हॉल्व्ह कुठे आहेत, याचे नकाशे काढायचे हे त्यांचं काम. नकाशे कॉम्प्युटरवर काढायला लागून पंधरा वर्षं झाली, तरी सहा इंची पट्टी अजून शर्टाच्या खिशात असते. कशाला म्हणून विचारलं तर म्हणतात, "वीज गेली तर?" रस्ता खोदणारी टोळी रोज सकाळी दहाला ठरल्या जागी उभी राहते, पण काकांचा त्या दिवसाचा नकाशा फोनवर आल्याशिवाय कुणी कुदळ उचलत नाही. काकांनी दाखवलेली रेघ म्हणजे दगडावरची रेघ.

एकदा प्रिंटरमध्ये कागद अडकला. मी तो ओढून काढला तर तो काकांचा अर्ज निघाला. मुदतीआधी निवृत्ती द्यावी, असा.

"हे काय?"

"अर्ज आहे."

"ते दिसतंय मला. अडीच वर्षं राहिलीत तुमची. आत्ताच का?"

काकूंना दोन महिन्यांपूर्वी झटका आला होता, हे ऑफिसला माहीत होतं. उजवा हात लुळा पडला होता आणि बोलणं गेलं होतं. काका म्हणाले, "मेहुणी होती आजवर. तिला तिचं घर आहे, ती तरी किती दिवस राहणार? हिला एकटं ठेवता येत नाही. डॉक्टर म्हणतात, शब्द आत आहेत सगळे, नुसते बाहेर यायला वाट सापडत नाही."

"आणि नोकरी सोडून तुम्ही दिवसभर काय करणार?"

त्यांनी खिशातली पट्टी काढली, पुन्हा ठेवली. "तेच कळत नाहीये," म्हणाले.

मला असल्या वेळी गोड बोलता येत नाही. मी तो कागद हातात घेऊन तडक मोठ्या साहेबांकडे गेले आणि म्हणाले, की पट्टीकाकांचा ऑफिसातला कॉम्प्युटर त्यांना घरून चालवू द्या. नकाशे इथून हलणार नाहीत, माणूस फक्त तिथे बसेल. साहेबांनी हो-नाही करत एक महिना दिला. "पण नकाशा दहाच्या आत गेला पाहिजे. टोळी ताटकळली तर हाच अर्ज मी मंजूर करीन," असं म्हणून त्यांनी अर्ज खणात ठेवला.

रविवारी मी काकांच्या घरी गेले. दोन खोल्या, खिडकीपाशी टेबल, टेबलाशेजारी काकूंची हातवाली खुर्ची. काकूंनी मला ओळखलं, हसल्या, ओठ हलवले आणि मान वळवून खिडकीबाहेर पाहू लागल्या. पूर्वी या बाईपुढे बोलायला मला फट मिळायची नाही.

मी कॉम्प्युटर जोडता जोडता काकांना समजावत होते, की इंटरनेट म्हणजे भर रस्ता, तिथून ऑफिसचं काही उघड्यावर न्यायचं नाही, म्हणून घरापासून ऑफिसपर्यंत आपण एक बंद बोगदा करतोय.

"म्हणजे वेगळी लाइन," काका म्हणाले. "मधे कुणाला चोरून जोड घेता येणार नाही अशी."

"अगदी तशी."

"आणि तोंडाशी व्हॉल्व्ह?"

"दोन. एक तुमचा पासवर्ड. दुसरा तुमच्या फोनवर दिसणारा सहा आकडी कोड. तो दर अर्ध्या मिनिटाला बदलतो. लागोपाठ चार वेळा चुकला की खात्याला कुलूप, आणि त्याची किल्ली फक्त माझ्याकडे."

एवढ्या वर्षांत इतका चांगला विद्यार्थी मला मिळाला नव्हता. निघताना मी नेहमीची तंबी दिली, "कोड कुणाला सांगायचा नाही. साहेबांना नाही, मला नाही, काकूंनासुद्धा नाही." काकांनी मान डोलावली. काकूंनीही डोलावली, ते मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

पहिलाच दिवस, आणि घरून काही जोडलं जाईना. साडेनऊला काकांचा फोन आला. मी त्यांच्या टेबलाशी धावले. कॉम्प्युटर बंद. नुसता बंद नव्हे, भिंतीवरचं बटणही बंद. शिपायाला मी फाडून खाणार, तेवढ्यात काका फोनवर हळूच म्हणाले, "अगं, मीच. शनिवारी निघताना सगळ्या खोल्यांची बटणं बंद करून आलो. रोज मीच करतो ना." जित्याची खोड, दुसरं काय! मी बटण लावलं, नकाशा दहाला पाच कमी असताना गेला, आणि त्या बटणावर 'हे बंद करू नये' असा कागद लागला. तो काकांनीच त्यांच्या आरेखकी अक्षरात लिहून शिपायाबरोबर पाठवला होता.

त्यानंतर आठवडाभर सगळं सुरळीत चाललंय असं मला वाटत होतं. मग मी नोंदी उघडून पाहिल्या. कोण किती वाजता आत आलं, कुणाचा कोड चुकला, हे सगळं त्यात उमटतं. काकांच्या नावापुढे रोज सकाळी तेच: कोड चुकला, कोड चुकला, कोड चुकला, आत आले. रोज! कधी दोनदा, बहुतेकदा तीनदा. ज्या माणसाची रेघ केसभर हलत नाही, त्याला सहा आकडे बघून टाइप करता येईनात? फोन करून विचारलं, तर म्हणाले, "होतं कधीकधी." मला ते पटलं नाही, पण नकाशे वेळेवर जात होते.

दहाव्या दिवशी चौथाही चुकला. खात्याला कुलूप पडलं आणि मी नेमकी दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसलेली. टोळी पाऊण तास रस्त्यावर उभी राहिली. साहेबांनी मला आत बोलावून एवढंच सांगितलं, "आणखी एकदा कुलूप पडलं, की संपलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ज्यांच्यासाठी शब्द टाकला, त्यांनीच मला तोंडघशी पाडावं! दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी न कळवता काकांच्या दारात उभी. दार नुसतं लोटलेलं होतं. आत काकू टेबलाशी, डाव्या हातात काकांचा फोन. काकांची बोटं कीबोर्डवर. काकू वाचत होत्या.

"चार." मग कपाळावर घाम. "दोन... नऊ."

मला दारातून फोनवरचे ठळक आकडे दिसत होते. तिथे नऊ नव्हता, सहा होता. काकांनाही दिसत होता, कारण फोन त्यांच्या नाकासमोरच होता. आणि त्यांनी नऊ दाबला. काकू जे जे म्हणाल्या ते ते दाबलं, शेवटपर्यंत. पडद्यावर तांबडी ओळ आली.

"नाही म्हणतंय गं," काका काकूंना म्हणाले. "हट्टी आहे. पुन्हा बघू."

मी घसा खाकरला. काका दचकून उठले आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. मी आवाज दाबून जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडले. "कोड कुणाला सांगायचा नाही, असं मी बजावलं होतं!"

"मी तिला कुठे सांगतो? ती मला सांगते."

"आणि चुकीचा आकडा डोळ्यांनी दिसत असताना दाबता?"

काकांनी ओट्यावरचं भांडं उगाच सरळ केलं. "दिवसभर तिला सगळे 'चुकलं' म्हणतात. डॉक्टर म्हणतात, व्यायामाला येते ती बाई म्हणते, फोनवर बहीण म्हणते. चांगल्यासाठीच म्हणतात. पण ती संध्याकाळपर्यंत गप्प होते गं. बाकी कुठले आकडे वाचायला दिले तर वाचत नाही, भिंतीकडे तोंड करते. हे वाचते. तिला माहीत आहे, यानं माझं ऑफिस उघडतं. तेव्हा 'चुकलं' म्हणायचं काम मी मशीनला देऊन टाकलंय. माझ्या तोंडून नको."

मी ओरडायला आले होते. ओट्याशी उभी राहून रडले, हे इथे लिहून टाकते, ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही.

नियम मी सैल केला नाही. कुलूप चार वेळांचंच राहिलं. पण काकांना म्हणाले, "उद्यापासून साडेआठला बसायचं. तीन वेळा काकूंच्या, चौथी तुमची. चौथ्या वेळी फोन तुमच्या हातात, आकडे तुमच्या डोळ्यांनी. कबूल?"

"कबूल," काका म्हणाले, आणि काकांचा शब्द म्हणजेही दगडावरचीच रेघ.

त्यांनी तो पाळला. पुढचे दोन आठवडे मी सकाळी साडेआठला नोंदी उघडून बसायचे. तीन चुका, मग आत. तीन चुका, मग आत. काकूंच्या तिन्ही रोज वाया जात होत्या. मला वाटे, असं किती दिवस चालायचं? पण नकाशा दहाच्या कितीतरी आधी जात होता आणि टोळी खूश होती.

महिन्याचा शेवटचा दिवस. साहेब आदल्या दिवशीच म्हणाले होते, उद्या मी स्वतः बघतो. साडेआठला ते काकांच्या रिकाम्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, हातात तो अर्ज. मी तेव्हाच काकांना फोन करून सांगितलं होतं, की साहेब समोर असतील, उद्या काकूंना राहू द्या, एक दिवसाचा तर प्रश्न आहे. काका "बघतो" म्हणाले होते.

माझ्या लॅपटॉपवर पहिली ओळ उमटली. चुकला. मी मनात काकांना शिव्या घातल्या. दुसरी, चुकला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तिसरी, चुकला.

"आता?" साहेब म्हणाले.

"आता उघडेल," मी म्हणाले. चौथी काकांची होती, त्यात काळजीचं काही नव्हतं. पण ती येईना. एक मिनिट गेलं. दोन गेली. एरवी काका दहा सेकंदांत आत येत. तिसरं मिनिट सरताना ओळ उमटली: आत आले. टेबलावरचा पडदा उजळला, कुणी न हलवता बाण हलला, आणि नकाशा उघडला. साहेबांनी अर्जाचे दोन तुकडे करून टोपलीत टाकले.

मी तिथूनच काकांना फोन लावला. "काय हो, चौथ्याला इतका वेळ? जीव गेला इथे माझा!"

काका म्हणाले, "चौथी मी नाही घातली."

"म्हणजे?"

"मी फोन घ्यायला हात पुढे केला. तिनं दिला नाही. छातीशी धरला आणि बघत बसली माझ्याकडे. मग मी म्हटलं, नवा कोड येऊ दे, मग वाच."

"अहो, अर्ज साहेबांच्या हातात होता! चुकला असता म्हणजे?"

"चुकला असता, तर गेली असती नोकरी," काका म्हणाले. "पण तिच्या हातातून ओढून कसा घेऊ, तूच सांग."

पलीकडे काहीतरी खुडबुड झाली. फोन कुणीतरी काढून घेतला. श्वास ऐकू आला, लांब, जोर लावून घेतलेला. तीन महिन्यांत त्या बाईनं आकड्यांवाचून एक शब्द उच्चारला नव्हता.

"उघडलं," काकू म्हणाल्या.

"हो काकू," मी म्हणाले, "उघडलं." साहेब काय झालं, काय झालं म्हणून विचारत होते, पण मी हातानं त्यांना थांबवलं आणि फोन कानाशी आणखी घट्ट धरला.