हळदीनं तुंबलेला सर्व्हर

जव्हारच्या आमच्या कचेरीत त्या सकाळी एकाही माणसाला कॉम्प्युटर आत घेईना. पासवर्ड टाकला की गपकन गिळायचा आणि पुन्हा पासवर्डच मागायचा. बाहेर दाखल्यांची रांग एवढी, की तिचं शेपूट दाभोशाच्या धबधब्यात भिजत असावं.

हेडक्लार्क भाऊसाहेब सगळ्यांसमोर माझ्यावर गरजले, "काय रे ऑपरेटर, पासवर्ड विसरलास का?" मग तहसीलदार मॅडमना म्हणाले, "ह्याला मोखाड्याला धाडा. तिथं नेटच धड नाही, बिघडवणार काय!"

मॅडम म्हणाल्या, "दुपारपर्यंत सुरू करा. नाहीतर बदलीचा आदेश काढते."

गावी जामसरला माझी लावणी अर्ध्यावर होती आणि घरात चिखलात उतरणारा मी एकटा. मोखाड्याला गेलो असतो तर भाताची रोपं तशीच पिवळी पडली असती.

सर्व्हरच्या खोलीत बसून मुख्य खात्यातून, म्हणजे मागच्या दारानं, आत शिरलो. सर्व्हरला एक तात्पुरती जागा असते, घराच्या पडवीसारखी. येणाऱ्यानं तिथं चप्पल काढायची आणि मग आत जायचं. ती पडवी आढ्यापर्यंत भरलेली! मुंगीच्या चपलेलाही जागा नाही. म्हणून पासवर्ड बरोबर असला तरी माणूस दारातूनच परत.

भरलं होतं काय? भाऊसाहेबांच्या पुतण्याच्या हळदीचा व्हिडिओ. घरी नेट नाही, म्हणून साहेब तो कचेरीतून नेटवर चढवत होते. लाइट गेली की अर्धवट तुकडा पडवीत पडून राहायचा आणि हे पुन्हा पहिल्यापासून सुरू. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट येते ती फक्त जाण्यासाठी.

गुपचूप पुसलं असतं तर चुटकीचं काम. पण माझ्या अंगात नाचाला उठवणारा तारपा घुमायला लागला होता.

"मॅडम, सरकारी यंत्रातलं आहे. तुम्ही बघितल्याशिवाय पुसायची माझी काय हिंमत?" असं म्हणून मी ते हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर लावलं.

भाऊसाहेब जमिनीला नाक लागेल इतके वाकून नाचत होते! कंबर भोवऱ्यासारखी. उन्हाळ्यात हीच कंबर धरली म्हणून रजेवर होते, आणि त्यांच्या टेबलाचं काम मी एकट्यानं ओढलं होतं. कोपऱ्यात तारीखही त्याच रजेची.

उन्हाळ्यात 'साहेब कंबरदुखीनं रजेवर' ऐकून परतलेली एक म्हातारी रांगेतून, खिडकीतूनच ओरडली, "बाय गं! दुखती ती हीच का रं कंबर?"

हॉल हसून हसून कोसळायचा बाकी राहिला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "कंबर बरी दिसते, भाऊसाहेब. मोखाड्याचा रस्ता सोसेल तुम्हाला."

मग मी पडवी झाडली. सगळे आत गेले, आणि रविवारी माझी लावणीही उरकली.

पुढच्या आठवड्यात मोखाड्याहून भाऊसाहेबांचा फोन. आवाजात कसा गूळ! "अरे दादा, जरा बघ ना, लॉगिन होत नाही रे."

मी आधी चहा संपवला. सावकाश.

"पासवर्ड विसरलात का, भाऊसाहेब?"