लिंबाच्या धुराचे पाणी

ओल्या कडुलिंबाचा कडवट धूर नाकात गेला की झरी गावातले आमचे घर आठवते. आतड्याच्या जुन्या दुखण्यामुळे मला पाणी उकळूनच प्यावे लागे. आणि चुलीत फक्त झाडाखाली गळलेल्या काटक्याच जाळायच्या, हा नियमही माझाच. एका पावसाळ्यात काटक्या संपल्या. शाळेत शिकवून पोट धरून परतलो, तर अंगणात मी लावलेल्या लिंबाची फांदी चुलीत धुमसत होती आणि पत्नी लालबुंद डोळ्यांनी फुंकणी फुंकत होती. “फांदी का तोडलीस?” मी विचारले. “झाड फुटंल परत, गुरुजी,” ती म्हणाली, “तुमचं आतडं कुठून आणू?” मी पाणी प्यालो. लिंब पुढे खरोखर फुटला. आज गॅसवर उकळलेले पाणी पितानाही सलते, की मी फांदीची चौकशी केली, तिच्या डोळ्यांची केली नाही.