आत्याच्या पाठीतला धपाटा

माझ्या नणंदेच्या पाठीत धपाटा घालायचा की नाही, यावर बारशाआधी आमच्या घरात बरीच चर्चा झाली. धाकट्या दिराला मुलगी झाली होती. बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं ते आत्यानं, आणि ती वाकली की बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत ग्वाल्हेरातही आम्ही सोडलेली नाही. अडचण एवढीच, की या बाळाची आत्या चाकाच्या खुर्चीत बसते आणि तिची पाठ कायम दुखते.

तिला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. स्नायू हळूहळू दुबळे होत जातात. कॉलेजात असताना जिना चढणं सुटलं, पुढे उभं राहणं. डॉक्टर सांगायचे, "इसमें कमज़ोरी आती है, दर्द नहीं होता." घरानंही तेच धरून ठेवलं. ती म्हणायची, "त्यांचं बरोबर असेल, पण कंबर माझी आहे." मग एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावलं, की स्नायू भार पेलेनासे झाले की तो सांध्यांवर येतो, आणि तासन् तास एकाच जागी बसणाऱ्याचं अंग दुखणारच. नणंद म्हणाली, "चला, दुखायला परवानगी मिळाली."

ती घरी मुलांना इंग्रजी शिकवते. शिकवता शिकवता हाक येते, "वहिनी, डावा खुबा." मी तिला किंचित उचलते, बैठक सरकवते, आणि ती अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करते. मऊ गाद्यांवर तिचे हालच व्हायचे, म्हणून नई सडकवर ऑटोच्या सीटा शिवणाऱ्याकडून तिनं कडक फोमची बैठक करून घेतली. दुखण्याचं ती कौतुक करत नाही आणि ते लपवतही नाही. मला हे जमलं नसतं.

दीर म्हणाला, "ताई, रहने दे ना. चुलत बहीण सांगेल नाव. तुला उगाच त्रास."

"धपाटेही तीच खाणार?"

"हो, मग."

"माझ्या हक्काचे धपाटे मी तिला का देऊ?"

सासूबाईंनी मधला मार्ग काढला. नाव हिनं सांगावं, पण हात कुणी लावायचा नाही. "म्हणजे मी पाहुणी," नणंद म्हणाली आणि मला आत बोलावलं.

आम्ही दोघींनी तयारी केली. तिला खाली वाकता येत नाही, म्हणून पाळणा लाकडी तख्तावर, म्हणजे दिवाणावर, चढवला. त्यात बाळाच्या जागी उशी ठेवून पाहिली, तेव्हा तिचं तोंड बरोबर कानाच्या उंचीला आलं. मग तिनं मला अंगठ्यानं पाठ दाबायला लावली. "इथे नको. इथे तर मुळीच नको. हां, इथे चालेल." उजव्या खांद्याच्या जरा खाली. बारशाच्या दिवशी मी तिच्या ब्लाउजवर नेमकी तिथे लाल टिकली चिकटवली आणि बायकांना दाखवून ठेवली. दुसऱ्या दिवशीचा वर्ग तिनं आधीच रद्द केला होता.

ती पाळण्याशी झुकली, कुर्रर्र केलं, आणि बायका हात लोंबकळत ठेवून उभ्या राहिल्या. मारायला कुणी धजेना. धाकट्या जावेच्या आईला गलबलून आलं. त्यांनी पुढे होऊन मायेनं तिचे खांदे धरले आणि तिला छातीशी ओढलं. नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला. कुठल्याही धपाट्यानं दुखलं नसतं इतकं ते दुखलं.

"बास झालं," सासूबाई म्हणाल्या. "आडवं करा तिला."

तिनं डोळे मिटून श्वास सावरला. "नाव कुठे सांगितलंय अजून? वहिनी, मला नीट बसवा."

मी तिला पुन्हा पाळण्याशी टेकवलं. तिनं सावकाश नाव सांगितलं, आणि मान न वळवता म्हणाली, "टिकली काय शोभेला लावलीय?"

मी धपाटा घातला.

"हात आहे की पापड?"

दुसरा चांगला जोरात घातला. मग बाकीच्या पुढे आल्या, नेम धरून, हसत. जावेच्या आई सर्वांत शेवटी आल्या. त्यांचाही बरोबर टिकलीवर बसला.

दुसऱ्या दिवशी ती ठरल्याप्रमाणे आडवी होती. दीर बाळाला घेऊन आला. "दुखतंय?"

"हो. खूप."

पूर्वी ती असं म्हणाली की लगेच घरातलं कुणीतरी तिला पटवायला बसायचं, की तसं नसेल, थकवा असेल. दिरानं बाळ माझ्याकडे दिलं, गरम पाण्याची पिशवी उचलली आणि विचारलं, "कुठे ठेवू?"

"कंबरेशी. आणि वहिनी, पोरीला इकडे द्या, उजवीकडे," ती म्हणाली. "ती बाजू आज बरी आहे."